खर्जाची चाकरी

आमच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत एक लांब मानेचें वाद्य भिंतीला टेकून उभें असतें. घरीं आलेला पाहुणा चहाचा पेला हातांत घेतो, त्या वाद्याकडे पाहतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो, "ही गिटार का? मग हिच्या दोन तारा तुटल्या वाटतं?" तारा तुटलेल्या नाहींत, हिला मुळांतच चार तारा असतात, हें आम्ही गेलीं बारा वर्षें सांगत आलों आहोंत. पाहुणा चौकस असला तर लगेच दुसरा प्रश्न येतो, "मग हिच्यावर गाणं कोणतं वाजतं?" याचें खरें उत्तर असें कीं, हिच्यावर सहसा गाणें वाजत नाहीं, गाणें दुसऱ्याचें असतें आणि ही त्याच्या खालीं उभी असते. हें ऐकून पाहुण्याचा चेहरा पडतो आणि बोलणें पावसावर किंवा कोथिंबिरीच्या भावावर जातें. म्हणून या महिन्यांत वाचकांपुढें या बेस गिटारची हकीकत सविस्तर मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही धंदेवाईक वादक नव्हे. आठवड्याचे पांच दिवस कचेरींत जातात. रविवारीं सकाळीं दहाबारा हौशी मंडळी एका मित्राच्या गच्चीवरील खोलींत जमतात आणि जुनीं हिंदी-मराठी चित्रपटगीतें व भावगीतें बसवितात. वर्षाकाठीं आठदहा कार्यक्रम होतात: गणेशोत्सव, कोजागिरी, दिवाळीची पहांट, एखाद्याची साठी. बिदागी म्हणून नारळ आणि बटाटेवडे मिळतात. तेव्हां पुढें जें लिहिलें आहे तें एका हौशी माणसाचें अनुभवाचें बोलणें समजावें. उस्तादांना त्यांत नवें कांहीं सांपडणार नाहीं.

साध्या गिटारच्या सहा तारांपैकीं जाड चार घ्याव्या आणि त्यांस एक सप्तक खालीं उतरवावें, म्हणजे बेस गिटारच्या चार तारा झाल्या. त्यांतली सर्वांत जाड तार मोकळी छेडली असतां सेकंदास सुमारें ४१ वेळां कांपते आणि सर्वांत बारीक तार ९८ वेळां. म्हणजे या वाद्याचा बराचसा मुलूख माणसाच्या कंठाच्या खालीं पसरलेला आहे. आपल्याकडे त्या मुलुखाला खर्ज म्हणतात. तंबोऱ्याची चौथी, खर्जाची तार जें काम एका जागीं बसून करते, तेंच काम ही चालतां चालतां करते, एवढाच काय तो फरक.

हें काम म्हणजे काय, हें पाहावयाचें असेल तर घरच्या पेटीवर एक प्रयोग करावा. भाता हलविण्यास एखादें मूल बसवावें, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. पांढरी एक धरून उजव्या हातानें मध्य सप्तकांतले सा, ग आणि प हे तीन शुद्ध स्वर एकदम दाबून ठेवावे. आतां डाव्या हातानें खालच्या सप्तकांतला सा दाबावा. सारें कसें प्रसन्न आणि निश्चिंत वाटतें. मग वरचीं तीन बोटें जराहि न हलवितां खालचा सा सोडून त्याच सप्तकांतला शुद्ध ध दाबावा. वरचे स्वर तेच, पण त्यांवर एकाएकीं संध्याकाळची छाया पडते. ती कोठून आली हें ऐकणाऱ्याला कळत नाहीं, कारण त्याचें लक्ष वरच्या तीन स्वरांकडे असतें. खर्जाचें सामर्थ्य हें असें आहे. आणि ज्याच्या हातीं हें सामर्थ्य आहे त्याला तें दाखवून मिरविण्याचा मोह होतो, ही त्यांतली मेख आहे. तिच्याकडे पुढें येऊं.

हें वाद्य फार जुनें नाहीं. पूर्वीं हें काम माणसाच्या उंचीहूनहि मोठें असें डबल बेस नांवाचें वाद्य करीत असे, आणि आजहि कित्येक ठिकाणीं करतें. त्याला नेण्याआणण्यास स्वतंत्र वाहन लागे, आणि ढोलताशांच्या गर्दींत त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेंतील सिॲटल शहरांत पॉल टटमार्क या गृहस्थानें १९३० नंतरच्या दशकांत विजेवर चालणारें, आडवें धरावयाचें असें एक वाद्य केलें होतें. परंतु तें फारसें पसरलें नाहीं. १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथें लिओ फेंडर यानें जें वाद्य विक्रीस काढलें तेंच जगभर गेलें. फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. डबल बेसच्या मानेवर पडदे नसतात, त्यामुळें बोट जरा सरकलें कीं सूर ढळतो. फेंडरनें सतारीसारखे पडदे बसविले आणि सूर अचूक लागतो म्हणून वाद्याचें नांवच 'प्रिसिजन', म्हणजे अचूकपणा, असें ठेविलें. आज आमच्या कोपऱ्यांत उभी असलेली गिटार त्याच घडणीची आहे.

तरीहि हें वाद्य हौसेनें मागून घेणारे थोडेच. इंग्लंडांतील बीटल्स मंडळींचा बेस वाजविणारा गडी १९६१ च्या सुमारास सोडून गेला, तेव्हां ती जागा भरावयास कोणी राजी होईना. अखेर पॉल मॅकार्टनी याच्या गळ्यांत ती पडली. त्यानें त्याच वर्षीं जर्मनींत हँबुर्ग येथें व्हायोलिनच्या आकाराची एक स्वस्त बेस गिटार विकत घेतली. पुढें १९७२ सालीं ती चोरीस गेली, आणि एका माळ्यावर सांपडून मालकाकडे परत आल्याचें २०२४ सालीं जाहीर झालें. नकोशी जागा त्यानें किती मोठी केली हें जगाला ठाऊक आहे.

आपल्याकडे या कामांत गोंयकर मंडळींचा मोठा हात आहे. गोव्यांत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलिपि वाचावयास शिकवीत. तीं मुलें मोठीं होऊन मुंबईस आलीं आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसलीं. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यांत बेस गिटार वाजविणारे टोनी वाझ यांचे स्वर आपण सर्वांनीं ऐकले आहेत. नांव मात्र थोड्यांनींच ऐकलें असेल. ध्वनिमुद्रिकेवर गाणाऱ्याचें, संगीतकाराचें आणि कवीचें नांव छापीत. वादकांच्या नांवांस तेथें सहसा जागा नसे. आतां दिवस पालटत आहेत. मुंबईंत १९९६ सालीं जन्मलेल्या मोहिनी डे वडिलांपाशीं बेस गिटार शिकल्या, ए. आर. रहमान यांच्याबरोबर त्यांनीं जगभर वाजविलें, आणि त्यांचें नांव ऐकून आज कित्येक घरांतल्या मुली हें वाद्य मागूं लागल्या आहेत.

आतां सामानाविषयीं. या छंदांत पडलेल्या माणसाचा पहिला शत्रु म्हणजे सामानाचा सोस. आमची पहिली गिटार आम्हीं वापरलेली अशी नऊ हजार रुपयांस घेतली, आणि ती उत्तम होती. परंतु हात बसेना तेव्हां दोष हाताचा नसून वाद्याचा आहे अशी आमची समजूत झाली. तीन वर्षांत पांच तारांची एक गिटार आली आणि गेली. पायानें दाबावयाच्या चार पेट्या आल्या. त्यांतली एक आवाज घोगरा करी, दुसरी तो घुमवी, तिसरी बदकासारखा करी, आणि चौथी काय करी हें आम्हांस अखेरपर्यंत कळलें नाहीं. त्या चारहि पेट्या सध्यां माळ्यावर, चकलीच्या सोऱ्याशेजारीं आहेत. फरक इतकाच कीं, सोऱ्या वर्षांतून एकदां तरी खालीं येतो.

ज्यावर पैसा खर्च करावा अशा गोष्टी थोड्या आहेत. पहिली, वाद्य जाणत्या कारागिराकडून लावून घेणें. तारा पडद्यांपासून फार उंच असल्या तर बोटें दुखतात आणि फार खालीं असल्या तर खरखरतात. लांकूड पावसाळ्याची हवा पितें व मान वांकते. मानेच्या पोटांत एक लोखंडी सळई असते. तिची कळ पाव फेरा फिरविली कीं मान पुन्हां ताळ्यावर येते. दुसरी गोष्ट म्हणजे रुंद पट्टा. वाद्याचें वजन चार किलोच्या आसपास असतें, आणि तीन तासांच्या कार्यक्रमानंतर तें खांद्याला दुप्पट वाटतें. तिसरी गोष्ट तारांची. गोल तारेच्या वेढ्यांच्या तारा झगझगीत बोलतात आणि लवकर मावळतात. चपट्या वेढ्यांच्या तारा मऊ आणि भरदार बोलतात व वर्षानुवर्षें टिकतात. आमच्या भावगीतांस दुसऱ्याच बऱ्या.

चौथी गोष्ट आवाज वाढविणाऱ्या पेटीची, जिला सारे जण ॲम्प म्हणतात. गिटारवाल्याचें काम पंधरा वॅटच्या पेटीवर भागतें तेथें बेसवाल्याला शंभर कां लागतात, असें पुष्कळ जण विचारतात. याचें कारण आपला कान. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें कीं, खालचे स्वर कानाला मुळांतच मंद ऐकूं येतात; ते वरच्या स्वरांइतकेच ऐकूं यावयाचे तर त्यांना पुष्कळ अधिक जोर द्यावा लागतो. तथापि मोठी पेटी विकत घेऊन जिन्यावरून चढउतार करण्याची हौस आतां सोडावी. बहुतेक सभागृहांत वाद्याची तार सरळ तेथल्या ध्वनियंत्रणेस जोडतां येते. घरीं लहान पेटी आणि कानावरचे श्रवणयंत्र, म्हणजे हेडफोन, एवढें पुरतें.

हेडफोनची सोय एकत्र कुटुंबांत चैनीची नसून गरजेची आहे, हें आम्हांस उशिरां समजलें. वरचे स्वर भिंतीशीं अडतात. खालचे भिंतीलाच हलवून पलीकडे जातात. एका रात्रीं नऊच्या सुमारास शेजारच्या बिऱ्हाडांतील गृहस्थ अत्यंत सौजन्यानें विचारावयास आले कीं, आम्हीं घरांत पिठाची गिरणी घेतली आहे काय. त्या दिवसापासून रात्रींचा सराव हेडफोनवर गेला.

या बाबतींत घरांतून तक्रार मात्र एकाच व्यक्तीची आली, आणि ती उलटी. आमच्या आत्याबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. वार्धक्यांत कानाचे उंच स्वर आधीं जातात आणि खालचे मागें राहतात. त्यांना दाराची घंटा ऐकूं येत नाहीं, कुकरची शिटी ऐकूं येत नाहीं, नातवंडांचें बोलणें अर्धेंच कळतें. पण आम्ही वाजवूं लागलों कीं त्या पेटीजवळच्या खुर्चीवर येऊन बसत आणि तिच्यावर तळहात ठेवीत. आठ दिवस हेडफोनवर सराव झाल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, तुझं वाजवणं बंद का पडलं? घरात तेवढं एक मला ऐकू यायचं." तेव्हांपासून रविवारीं दुपारीं अर्धा तास पेटी उघडी चालते. शेजाऱ्यांना तसें सांगून ठेविलें आहे.

कार्यक्रमांविषयीं दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, कारण त्यांतली एक जिवावरची आहे. एका उत्सवांत आमचा एक हात तारांवर होता आणि दुसऱ्यानें ध्वनिक्षेपक सरसा करावयास गेलों, तोंच असा झटका बसला कीं हात खांद्यापर्यंत बधिर झाला. मंडपवाल्यानें अर्थिंगची तार जोडलीच नव्हती. त्यानें हंसून सांगितलें कीं, "साहेब, थोडंफार लागतंच." थोडेंफार लागलेंच पाहिजे असें मुळींच नाहीं. तारा आणि ध्वनिक्षेपक यांना एकाच वेळीं स्पर्श करण्यापूर्वीं वीज जाणणाऱ्या माणसाकडून तपासणी करून घ्यावी, आणि अर्थिंग नसेल तर वाद्य पेटींतच ठेवावें. कार्यक्रम रद्द झाल्यानें कोणी मरत नाहीं.

दुसरी गोष्ट कानाची. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाकाठीं आठ तास सोसावा, त्याहून अधिक नको, असा दंडक अमेरिकेंतील आरोग्यसंस्थेनें घातला आहे. आणि दर तीन डेसिबेल वाढले कीं ती मुदत निम्मी होते. या हिशेबानें १०० डेसिबेलला पाव तासच उरतो, आणि ढोलांच्या शेजारीं उभ्या असलेल्या वादकाला १०० डेसिबेल म्हणजे कांहींच नव्हे. कानांत घालावयाचे बोळे शंभर-दोनशें रुपयांस मिळतात. गेलेला कान कितीहि रुपये दिले तरी मिळत नाहीं.

आणखी एक गंमत अशी कीं, बेस वाजविणाऱ्याला स्वतःचें वाजविणें नीट ऐकूं येत नाहीं. सर्वांत जाड तारेच्या ध्वनीची लाट सुमारें आठ मीटर लांब असते. खोलीच्या कोपऱ्यांत ती फुगते, एखाद्या ठिकाणीं अगदीं मरते. वादक पेटीला पाठ लावून उभा असतो, त्याला वाटतें आवाज कमी पडला. दहाव्या रांगेंतल्या आजोबांच्या छातींत मात्र घण पडत असतात. म्हणून कार्यक्रमापूर्वीं दुसऱ्याला वाजवावयास सांगून आपण श्रोत्यांच्या जागीं जाऊन ऐकावें. हें शहाणपण आम्हांस ज्या प्रसंगानें आलें तो सांगतांना आजहि थोडी लाज वाटते.

आमच्या वहिनी लग्नापूर्वीं सात वर्षें गाणें शिकल्या होत्या. आमच्या नऊ माणसांच्या घरांत आल्यावर तें गाणें देवघरापुढें आणि मुलांच्या झोपेपुरतें उरलें. २०१६ च्या कोजागिरीला आमच्या मंडळींनीं आग्रह केला आणि त्या वीस वर्षांनीं चारचौघांत गावयास तयार झाल्या. त्यांनीं एक संथ भावगीत निवडलें. त्याच्या ओळीओळींत मोठाल्या विश्रांति होत्या. महिनाभर त्या भाजी निवडतांना, कपड्यांच्या घड्या घालतांना तें घोळवीत होत्या. शब्द एका निळ्या वहींत लिहिले होते आणि श्वास कोठें घ्यावयाचा त्या जागीं लहान फुल्या केल्या होत्या.

आम्ही त्या महिन्यांत दुसऱ्याच नादांत होतों. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरांत मोटाऊन नांवाची ध्वनिमुद्रण करणारी कंपनी होती. तिच्या इमारतींतल्या एका कोंदट खोलींत जेम्स जेमरसन हा बेस वाजवी. एकोणीसशें साठच्या दशकांतलीं तिचीं कितीतरी लोकप्रिय गाणीं त्याच्या खर्जावर उभीं आहेत. उजव्या हाताची तो एकच तर्जनी वापरी, तारा तुटेपर्यंत बदलीत नसे, आणि त्याचें वाजविणें एखाद्या वाहत्या ओढ्यासारखें वळणें घेत जाई. आम्हीं त्याच्या दोन-तीन वळणांचा रात्रंदिवस रियाज केला, आणि इतकें कष्टानें मिळविलेलें धन खर्चावें कोठें या विवंचनेंत असतां वहिनींच्या गाण्यांतल्या विश्रांति आम्हांस दिसल्या.

पुढें काय झालें हें सांगावयास नको. गच्चीवर चांदणें पडलें होतें, साऱ्या इमारतींतलीं माणसें सतरंज्यांवर बसलीं होतीं. आपला आवाज कमी पडतो असें वाटून आम्हीं पेटीचा कान दोनदां पिळला. पहिल्या विश्रांतींत एक वळण टाकलें, दुसऱ्या विश्रांतींत त्याहून लांब टाकलें. तिसऱ्या विश्रांतींतलें वळण अर्धी मात्रा उशिरां संपलें. तबलजी बिचकला, वहिनी चुकीच्या जागीं उठल्या, आणि अंतऱ्याचा पहिला शब्द त्यांना आठवेना. त्यांनीं वहीकडे पाहिलें, हंसून हात जोडले आणि खालीं बसल्या. लोकांनीं चांगुलपणानें टाळ्या वाजविल्या. दोन तरुण मुलें आमच्याजवळ येऊन म्हणालीं, "काका, काय भारी बेस होता!" आणि खरें सांगावयाचें तर घरीं येईपर्यंत आम्ही खुशींत होतों.

घरीं वहिनींनीं सर्वांना मसाल्याचें दूध दिलें. मग ती निळी वही कपाटाच्या खालच्या खणांत ठेविली. आमचे वडील बंधु, ज्यांना घरांत सारे दादा म्हणतात, त्यांना गाण्यांतलें कांहीं कळत नाहीं. ते पेला खालीं ठेवून आम्हांस एवढेंच म्हणाले, "तू वाढायला उभा होतास ना रे? मग पानावर का बसलास?"

त्यानंतर दोन वर्षें वहिनी चारचौघांत गायल्या नाहींत. तेंहि सोसलें असतें. पण स्वयंपाकघरांत त्या गुणगुणत असल्या आणि आम्ही पाण्यासाठीं आंत गेलों तर तें गुणगुणणें थांबूं लागलें. त्या रागावल्या नव्हत्या. बोलणेंचालणें पूर्वीसारखें होतें. थांबत होतें तें फक्त गाणें.

त्या काळांत आम्हीं जेमरसन पुन्हां ऐकला. या वेळीं त्याच्याकडे लक्ष न देतां गाणाऱ्याकडे लक्ष देऊन ऐकला. तेव्हां समजलें कीं, तो पुष्कळ वाजवितो, पण गाणाऱ्याच्या पायांत कधीं येत नाहीं. शब्द उठावयाचा असतो तेथें तो पायरी होऊन थांबलेला असतो. आम्हीं त्याचीं बोटें उचललीं होतीं, कान तसेच सोडून दिले होते. इतकी वर्षें वाजवूनहि कंपनीच्या मुद्रिकांवर त्याचें नांव नसे. मार्व्हिन गे याच्या १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर तें आलें. १९८३ सालीं तो वारला, आणि रॉक-अँड-रोलच्या कीर्तिमंदिरांत त्याला स्थान मिळालें तें २००० सालीं. कमी वाजवावें कीं जास्त, हा प्रश्नच खरा नव्हे. गाणें कोणाचें आहे, हा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर ज्याला येतें त्याच्या हातून स्वरांची संख्या आपोआप ठरते.

मग आम्ही नव्यानें शिकूं लागलों. केरव्याच्या आठ मात्रांपैकीं पहिली आणि पांचवी, दादऱ्याच्या सहांपैकीं पहिली आणि चौथी, एवढ्याच मात्रा धरून महिनेच्या महिने वाजविलें. सूर केव्हां सुरू करावा इतकेंच केव्हां बंद करावा हेंहि महत्त्वाचें असतें, कारण खर्ज रेंगाळला कीं वरचें सारें गढूळ होतें. म्हणून वाजविणाऱ्या बोटाइतकीच तार दाबून गप्प करणाऱ्या बोटाला शिकवण दिली. मोबाईलवर आपलें वाजविणें टिपून दुसऱ्या दिवशीं ऐकण्याची संवय लाविली. ती फार कडू, पण गुणकारी आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शब्द. गाणारा श्वास घेतो तो शब्दांच्या अर्थाप्रमाणें घेतो. ज्याला शब्द ठाऊक नाहींत त्याला श्वास कोठें येणार हें कळणार कसें? तेव्हांपासून कोणतेंहि गाणें शब्द तोंडपाठ झाल्यावांचून आम्ही वाजवीत नाहीं.

२०१८ च्या पावसाळ्यांत एका दुपारीं हेडफोनची दोरी तुटली, म्हणून पेटी उघडी ठेवून अगदीं हळू आवाजांत आम्ही तेंच भावगीत वाजवीत होतों, ओठांतल्या ओठांत शब्द म्हणत. स्वयंपाकघरांतून वहिनींचा आवाज आला, "भावजी, दुसऱ्या ओळीनंतर थांबता ते बरं वाटतं. अंतऱ्याच्या आधी आणखी थोडं थांबा." आम्ही थांबलों. त्या पदराला हात पुशीत दारांत आल्या आणि तेथेंच उभ्या राहून अंतरा म्हणाल्या. चुकलेला शब्द त्या दिवशीं बिनचूक आला. आत्याबाईंचा हात पेटीवर होता. त्यांनीं विचारलें, "आज काय वेगळं आहे रे?"

त्या वर्षीं दिवाळीच्या पहांटे वहिनींनीं तें गाणें पुरतें म्हटलें. आम्हीं आधीं शेवटच्या रांगेंत जाऊन आवाज ऐकून आलों होतों आणि पेटीचा कान मागें फिरविला होता. कार्यक्रम संपल्यावर मंडळी वहिनींभोंवतीं जमलीं. इमारतींतले एक गृहस्थ आम्हांस म्हणाले, "आज तुम्ही वाजवायला नव्हतात का? गाणं फार छान झालं." आम्हीं उत्तर देण्यापूर्वीं जवळ उभे असलेले दादा म्हणाले, "होता कीं. वाढत होता."

आमच्या वाचकांच्या घरीं एखादा मुलगा किंवा मुलगी हें वाद्य मागत असेल तर वडीलधाऱ्यांनीं नाहीं म्हणूं नये, अशी आमची विनंति आहे. पहिलें वाद्य वापरलेलें घ्यावें, बरोबर हेडफोन घ्यावा, आणि पायाखालच्या पेट्यांची यादी पुढें आली तर आमच्या माळ्याची आठवण द्यावी. अट मात्र एक घालावी: जें गाणें वाजवावयाचें त्याचे शब्द आधीं म्हणून दाखवावे. आणि घरांत गाणारें कोणी असेल तर पहिलें वर्षभर त्याच्याच पाठीमागें बसवावें. विश्रांति कोठें आहेत हें मुलाला तेथेंच समजेल. त्या कोणी भरावयाच्या नसतात, हें आम्हांस कळावयास दोन वर्षें लागलीं. तुमच्या घरीं तितकीं लागूं नयेत.